कावसजी (गाडीवान)

कावसजी हे अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबर बैल हाकण्याचे काम करणारे मराठा शेतकरी होते. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडले आणि कैदेत त्यांचे नाक व एक हात कापण्यात आला. सन १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ राहणाऱ्या एका कुंभाराने कपाळावरील त्वचा वापरून त्यांना नवे नाक बसवून दिले. या शस्त्रक्रियेचा सचित्र वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात छापला गेला. तो वाचून युरोपातील शल्यचिकित्सकांनी ही पद्धत उचलली आणि पुढे ती 'भारतीय पद्धत' या नावाने ओळखली जाऊ लागली. नाकावरील त्वचेचा कर्करोग काढल्यानंतर पडणारी मोठी पोकळी भरण्यासाठी आजही जगभर मुख्यतः हीच पद्धत वापरली जाते. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासावरील बहुतेक ग्रंथांत कावसजींचे चित्र आढळते. शस्त्रक्रिया करणाऱ्या कुंभाराचे नाव मात्र कोणत्याही समकालीन वृत्तांतात नोंदलेले नाही.

पार्श्वभूमी

सन १७९० मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि हैदराबादचा निजाम यांच्यात युती झाली. पेशव्यांच्या बाजूने नाना फडणवीस आणि इंग्रजांच्या बाजूने पुणे दरबारातील रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांनी या तहाची बोलणी केली होती. मराठ्यांच्या फौजा परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या हाताखाली कर्नाटकात उतरल्या. कंपनीची मुंबईकडील फौज दोन वाटांनी युद्धात शिरली. तिची एक तुकडी परशुरामभाऊंबरोबर धारवाडच्या वेढ्यात होती, तर मोठी फौज जनरल रॉबर्ट ॲबरक्रॉम्बी यांच्या नेतृत्वाखाली मलबार व कोडगूच्या मार्गाने श्रीरंगपट्टणाकडे निघाली.

या युद्धाचा निकाल तोफांइतकाच बैलांवर अवलंबून होता. तोफा ओढणे, दारूगोळा व धान्य वाहणे, तंबू हलवणे ही सर्व कामे बैलांवर चालत. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाच्या अगदी जवळ पोहोचले होते. तथापि वैरण संपून बैल हजारोंच्या संख्येने मेल्यामुळे त्यांना वेढ्याच्या जड तोफा स्वतःच निकामी करून माघार घ्यावी लागली. परतीच्या वाटेवर मराठ्यांच्या फौजा धान्यासह येऊन मिळाल्या, म्हणूनच त्या सैन्याची उपासमार टळली. लढाईच्या इतिहासात बैल हाकणाऱ्यांची नावे सहसा येत नाहीत. परंतु शत्रूची रसद तोडणे हे टिपूच्या घोडदळाचे मुख्य डावपेच होते आणि त्या डावपेचांचा पहिला मार बैलांच्या तांड्याबरोबर चालणाऱ्या निःशस्त्र माणसांवरच बसत असे.

कैद आणि अंगच्छेद

कावसजी जातीने शेतकरी होते आणि इंग्रजी फौजेच्या चाकरीत बैल हाकत होते, एवढी माहिती त्यांच्या चित्राखालील मजकुरात मिळते. त्याच मजकुरानुसार सन १७९२ च्या युद्धात ते कैद झाले आणि टिपूच्या आज्ञेने त्यांचे नाक व एक हात कापण्यात आला. सुटका झाल्यावर त्याच अवस्थेत ते श्रीरंगपट्टणाजवळ तळ दिलेल्या मुंबईच्या फौजेत येऊन दाखल झाले. मार्च १७९२ मध्ये तह होऊन युद्ध संपले. कंपनीने कावसजींना निवृत्तिवेतन लावून दिले.

नाक कापणे ही हिंदुस्थानात फार जुनी शिक्षा होती. युद्धकैदी, चोर आणि व्यभिचाराचा आरोप आलेले स्त्री-पुरुष यांना ती दिली जाई. हात कापला तर माणसाचे काम जाते. नाक कापले तर त्याला समाजात तोंड दाखवणे अशक्य होते, आणि शिक्षा देणाऱ्याला नेमके तेच हवे असे. मराठीत अब्रू जाण्याला नाक कापले जाणे म्हणतात, त्यामागे हाच अनुभव आहे. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नाशिकला ते नाव पडले, अशी लोकसमजूतही महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. जेथे ही शिक्षा वारंवार होत असे, तेथे नाक पुन्हा बसवून देणाऱ्यांची विद्याही टिकून राहिली. युरोपात याच सुमारास ती जवळजवळ नाहीशी झाली होती.

कावसजी एक वर्षाहून अधिक काळ नाकाविना राहिले.

शस्त्रक्रिया

पुण्याजवळ राहणाऱ्या ज्या माणसाने कावसजींना नवे नाक बसवले, तो विटा बनवणाऱ्यांच्या जातीतील होता असे इंग्रजी वृत्तांत सांगतो. महाराष्ट्रात विटा भाजण्याचा व्यवसाय कुंभार समाजाकडे असल्याने त्याचा उल्लेख कुंभार असाच केला जातो. छापील चित्र ज्या मूळ चित्रावरून केले, ते जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा महिन्यांनी काढले होते. त्यावरून शस्त्रक्रिया १७९३ च्या मार्च महिन्याच्या आसपास झाली असे ठरते. त्या वेळी पुण्याच्या गादीवर सवाई माधवराव पेशवे होते.

मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन शल्यचिकित्सकांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. छापील वर्णन त्यांच्याच पाहण्यावर आधारलेले आहे. ते थोडक्यात असले तरी इतके नेमके आहे की त्यावरून दुसऱ्या शल्यचिकित्सकाला शस्त्रक्रिया करता यावी. आणि पुढे तसे घडलेही.

प्रथम मेणाची पातळ पट्टी कापलेल्या नाकाच्या खुंटावर बसवून तिला चांगल्या नाकाचा आकार दिला जाई. मग ती पट्टी काढून सपाट करीत आणि कपाळावर ठेवून तिच्या कडेने रेघ ओढीत. अशा रीतीने उंच-सखल नाकाला नेमकी किती त्वचा लागेल याचे माप सपाट कपाळावर उमटे. मापाचे हे काम मातीला आकार देणाऱ्या हातांना परके नव्हते. त्यानंतर रेघेच्या आतील त्वचा सोलून मोकळी केली जाई. मात्र दोन्ही भुवयांच्या मधला एक अरुंद पट्टा न कापता तसाच ठेवला जाई. सगळ्या शस्त्रक्रियेचे यश या पट्ट्यावर अवलंबून होते. नवी जागा आणि त्वचा यांचा सांधा जुळेपर्यंत कपाळाकडून येणारे रक्त याच पट्ट्यातून त्वचेला मिळत राही, असे त्या वृत्तांतातही स्पष्ट म्हटले आहे.

पुढे नाकाच्या खुंटावरील जुना व्रण तासून ताजा केला जाई आणि त्याच्या लगेच मागे, दोन्ही नाकपुड्यांच्या कडेने वरच्या ओठापर्यंत जाणारा छेद घेतला जाई. कपाळावरील त्वचा खाली आणून तिला अर्धा पीळ दिला जाई, म्हणजे तिची बाहेरची बाजू बाहेरच राही. तिच्या कडा त्या छेदात बसवीत. या वर्णनात टाक्यांचा उल्लेख नाही. सांधा पक्का करण्यासाठी पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवीत.

कात खैराच्या लाकडापासून काढतात. ठाणे, पालघर आणि रायगड या जिल्ह्यांतील कातकरी समाजाला त्याचे नाव कात तयार करण्याच्या धंद्यावरूनच मिळाले, असे मानले जाते. कातात टॅनिनचे प्रमाण मोठे असते. तो तुरट असून जखमेतील स्राव आटवतो, रक्त थांबवण्यास मदत करतो आणि वाळल्यावर घट्ट बसतो. विड्यात घातला जाणारा हा पदार्थ येथे डिंक आणि औषध अशी दोन्ही कामे करीत होता. चार दिवस याखेरीज दुसरी कोणतीही मलमपट्टी केली जात नसे. चौथ्या दिवसानंतर कात काढून तुपात भिजवलेली फडकी लावीत. पहिले पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे निजवून ठेवीत. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधला जोडपट्टा कापून टाकीत आणि नाक अधिक सुबक दिसावे म्हणून थोडी आणखी कापणी करीत.

गुंगी आणणाऱ्या औषधांचा शोध तेव्हा लागला नव्हता. ईथरचा जाहीर वापर प्रथम १८४६ मध्ये झाला. त्यामुळे ही सर्व कापणी रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतानाच होई. हिंदुस्थानात अशी शस्त्रक्रिया पाहिलेल्या दुसऱ्या एका इंग्रज डॉक्टरने दिलेल्या माहितीनुसार, तिला सुमारे दीड तास लागला आणि ती एका जुन्या वस्तऱ्याने केली गेली. त्वचा सोलताना वस्तऱ्याची धार पुन्हा पुन्हा बोथट होई आणि ती परत लावून घ्यावी लागे.

ही शस्त्रक्रिया बहुधा यशस्वी होते, नवे नाक पक्के बसते आणि काही काळाने कपाळावरील व्रणही फारसा दिसत नाही, असा निर्वाळा वृत्तांतात दिलेला आहे. पुण्यातील इंग्रज डॉक्टरांना नवल वाटले ते तंत्राचे. स्थानिक लोकांना त्यात काही नवे नव्हते, कारण हे काम अज्ञात काळापासून चालत आले आहे, अशीच माहिती त्यांना मिळाली होती.

चित्र आणि प्रसिद्धी

कावसजींचे मूळ चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने काढले. वेल्स यांनी पुणे दरबारासाठीही काम केले होते. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची त्यांनी काढलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. मॅलेट यांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रकलेची जी शाळा सुरू झाली, तिच्याशीही त्यांचा संबंध होता. गंगाराम तांबट हे मराठी चित्रकार त्यांच्या हाताखाली तयार झाले. वेल्स यांचा मृत्यू १७९५ मध्ये झाला. पेशवे आणि कारभारी यांच्या बरोबरीने याच कुंचल्याने एका गाडीवानाचा चेहराही टिपला, ही मराठी कलेच्या इतिहासातली एक लक्षणीय नोंद आहे.

'जंटलमन्स मॅगझिन' हे १७३१ पासून लंडनमध्ये निघणारे, सर्वसाधारण सुशिक्षित वाचकांसाठीचे मासिक होते. त्याच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका वाचकाने केवळ नावाची आद्याक्षरे देऊन पाठवलेल्या पत्राच्या रूपाने हा वृत्तांत छापला गेला. सोबत वेल्स यांच्या चित्रावरून केलेले कोरीव चित्र होते. त्यात पागोटे घातलेले कावसजी समोर पाहत आहेत आणि त्यांच्या कपाळावर त्वचा काढल्याची खूण दिसते. बाजूच्या लहान आकृत्यांत मेणाची पट्टी, कपाळावरील त्वचेचा आकार आणि तिची नाकावरील बैठक दाखवली आहे. पुढच्या वर्षी, १७९५ मध्ये, विल्यम नटर यांनी कोरलेले मोठे चित्र स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. सर्जनांच्या नियतकालिकाऐवजी सामान्य वाचकांच्या मासिकात हा मजकूर आल्यामुळे तो दूरवर पोहोचला.

नाव आणि ओळख

कावसजी हे नाव मुख्यतः पारशी समाजात आढळते. त्यामुळे काही उत्तरकालीन पुस्तकांत त्यांना पारशी ठरवले गेले आहे. समकालीन चित्राखालील मजकूर मात्र त्यांना मराठा आणि शेतकरी जातीचे म्हणतो. एखादे मराठी नाव इंग्रजी कानांनी ऐकून मुंबईतील परिचित पारशी नावाच्या धर्तीवर लिहिले गेले असण्याची शक्यता दिसते. मराठी लेखनात इंग्रजी नोंदीवरून आलेले कावसजी हेच रूप रूढ झाले आहे.

नंतरच्या अनेक पुस्तकांत या प्रसंगाभोवती आणखी काही कथा जोडल्या गेल्या आहेत. कावसजींसोबत चार शिपायांनाही नवी नाके बसवण्यात आली, मॅलेट यांनी एका व्यापाऱ्याच्या कपाळावरचा व्रण पाहून त्या कारागिराचा शोध लावला, असे त्यांत सांगितलेले असते. १७९४ च्या मूळ छापील वृत्तांतात यांपैकी काहीही नाही.

सुश्रुताची पद्धत आणि पुण्याची पद्धत

कावसजींच्या शस्त्रक्रियेला अनेकदा सरसकट सुश्रुताची शस्त्रक्रिया म्हटले जाते. हे पूर्णतः बरोबर नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात तुटलेले नाक जोडण्याची कृती दिली आहे. तिच्यात झाडाच्या पानाने नाकाचे माप घेऊन त्या मापाची त्वचा गालावरून, एका बाजूने जोडलेली ठेवून, काढण्यास सांगितले आहे. कपाळाचा तेथे उल्लेख नाही. दोन्ही पद्धतींचे तत्त्व मात्र एक आहे. माप आधी घ्यायचे, जागा ताजी करायची, त्वचा मुळापासून तोडायची नाही आणि श्वासाचा मार्ग उघडा ठेवायचा. सुश्रुत त्यासाठी दोन पोकळ नळ्या बसवण्यास सांगतो, तर पुण्याच्या कारागिराने कापडाचे बोळे वापरले.

गालाऐवजी कपाळ निवडणे ही साधी अदलाबदल नव्हती. कपाळाची त्वचा रंगाने आणि जाडीने नाकाच्या त्वचेशी बरीच जुळते, तिला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि तेथील व्रण गालावरच्या व्रणाइतका चेहरा ओढून धरत नाही. ही सुधारणा केव्हा आणि कोणी केली याचा ग्रंथाधार मिळत नाही. ती पोथीत न जाता कारागिरांच्या घराण्यांतून पुढे आली. हिमाचल प्रदेशातील कांगडा येथेही कपाळावरील त्वचेने नाक बसवणारे घराणे पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध होते.

युरोपातील प्रसार

इटलीत बोलोन्याच्या गास्पारे तालिआकोत्सी यांनी १५९७ मध्ये दंडाच्या त्वचेपासून नाक करण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली होती. तिच्यात रुग्णाचा हात कित्येक दिवस डोक्याजवळ बांधून ठेवावा लागे. पुढे ती मागे पडली आणि अठराव्या शतकात युरोपातील डॉक्टर तिची थट्टाच अधिक करीत.

लंडनचे शल्यचिकित्सक जोसेफ कॉन्स्टंटाईन कार्प्यू (१७६४–१८४६) यांनी कावसजींचा वृत्तांत गांभीर्याने घेतला. त्यांनी प्रेतांवर या शस्त्रक्रियेचा सराव केला आणि योग्य रुग्ण मिळण्याची अनेक वर्षे वाट पाहिली. हिंदुस्थानातून परतलेल्यांकडून, त्यांत स्वतः मॅलेट यांच्याकडूनही, त्यांनी माहिती पडताळून घेतली. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्यांनी पहिली शस्त्रक्रिया केली. रुग्ण एक लष्करी अधिकारी होता आणि यकृताच्या विकारावर घेतलेल्या पाऱ्याच्या औषधाने त्याचे नाक झडले होते. दुसरा रुग्णही अधिकारीच होता. स्पेनमधील अल्बुएराच्या लढाईत, १८११ मध्ये, तलवारीच्या वाराने त्याच्या नाकाची व गालाची हानी झाली होती. या दोन्ही शस्त्रक्रियांची हकीकत कार्प्यू यांनी १८१६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि पद्धतीचे मूळ हिंदुस्थानात असल्याचे त्यात मोकळेपणाने नोंदवले.

बर्लिनचे कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी १८१८ मध्ये याच विषयावर ग्रंथ लिहिला. 'ऱ्हायनोप्लास्टी' ही संज्ञा त्यांच्या ग्रंथाच्या नावावरून रूढ झाली. हिंदुस्थानात जुनागढ संस्थानाचे वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शाह यांनी १८८९ मध्ये आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिले. चार वर्षांत शंभरांहून अधिक रुग्णांना त्यांनी नवी नाके बसवली होती. त्या भागात दरोडेखोर लोकांची नाके कापत असत, हे या मोठ्या संख्येमागचे कारण होते.

त्वचेच्या कर्करोगातील उपयोग

एकोणिसाव्या शतकात नाक गमावण्याची कारणे हळूहळू बदलली. तलवार आणि शिक्षा मागे पडल्या आणि रोग पुढे आला. डब्लिनचे आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये चेहऱ्यावरील एका विशिष्ट प्रकारच्या व्रणाचे वर्णन केले. हा व्रण वर्षानुवर्षे सावकाश वाढे, कडेने मांस कुरतडत जाई, पण शरीरात अन्यत्र पसरत नसे. त्यालाच आज बेसल सेल कार्सिनोमा म्हणतात. हा त्वचेच्या कर्करोगाचा जगातील सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. तो बहुतांशी उन्हाला उघड्या असलेल्या चेहऱ्यावर, आणि त्यातही नाकावर अधिक होतो. गोऱ्या त्वचेच्या लोकांच्या तुलनेत भारतीयांत त्याचे प्रमाण पुष्कळ कमी आहे, कारण त्वचेतील मेलॅनिन सूर्याच्या अतिनील किरणांपासून काही अंशी संरक्षण देते. मात्र सावळ्या त्वचेत हा कर्करोग पुष्कळदा काळसर दिसतो. त्यामुळे तीळ किंवा चामखीळ समजून त्याकडे दुर्लक्ष होते. न भरणारा, खपली धरून पुन्हा पुन्हा रक्त येणारा फोड किंवा मोत्यासारखी चमक असलेली गाठ दिसल्यास तिचा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायॉप्सी करणे, आवश्यक असते.

अशा गाठीवरील मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच आहे. गाठ लहान आणि स्पष्ट कडांची असेल तर तिच्याभोवतीची साधारण चार मिलिमीटर निरोगी दिसणारी त्वचाही सोबत काढतात, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या कडेपलीकडे कर्करोगाच्या पेशी मुळांसारख्या पसरलेल्या असू शकतात. नाकावर एवढी मोकळी जागा सोडणे प्रत्येक वेळी परवडत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील फ्रेडरिक मोस यांनी १९३० च्या दशकात त्यावर वेगळी पद्धत काढली. तिच्यात ऊती थराथराने काढून प्रत्येक थराची संपूर्ण कड सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि जेथे कर्करोग उरला असेल तेवढ्याच भागात पुन्हा कापतात. त्यामुळे रोग पूर्ण निघतो आणि निरोगी त्वचा जास्तीत जास्त वाचते.

कड स्वच्छ झाल्याची खात्री पटल्यावर जखम भरण्याचा प्रश्न येतो. लहान जखम शिवता येते, मध्यम जखमेवर शेजारची त्वचा सरकवता येते किंवा कानामागची त्वचा लावता येते. नाकाचे टोक, नाकपुडी किंवा नाकाचा बराचसा भाग गेला असेल, तर शल्यचिकित्सक कपाळाकडे वळतात. कपाळावर जखमेच्या मापाचा साचा ठेवून रेघ आखतात, त्वचा उचलतात, भुवईजवळचा अरुंद पट्टा तसाच ठेवतात आणि त्वचा पिळून नाकावर आणतात. पट्ट्यातून जाणारी रक्तवाहिनी भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर येते, हे आता शरीररचनेच्या अभ्यासाने निश्चित झाले आहे. पुण्याच्या कारागिराने नेमकी तीच जागा राखली होती. मेणाच्या पट्टीऐवजी आज पातळ धातूचा पत्रा किंवा कागद वापरतात. जोडपट्टा साधारण तीन आठवड्यांनी कापला जातो. कावसजींच्या वेळचा पंचविसावा दिवस या मुदतीपासून फार दूर नाही.

जुन्या पद्धतीत एक मोठा दोष होता. कपाळाची त्वचा बाहेरून नाक झाकी, पण आतून अस्तर आणि मधून आधार नसल्यामुळे असे नाक पुढे आक्रसत जाई. आज आतील अस्तर स्वतंत्रपणे तयार करतात आणि कान किंवा बरगडीतील कूर्चा घालून नाकाचा सांगाडा उभा करतात. वाराझ्टाड कझांजियन यांनी १९४६ मध्ये कपाळाच्या मध्यभागाची उभी त्वचा घेऊन कपाळावरची जखम लगेच शिवण्याची रीत मांडली. अमेरिकेतील गॅरी बर्गेट आणि फ्रेडरिक मेनिक यांनी १९८५ मध्ये नाकाचे टोक, कणा, नाकपुड्या असे उपविभाग मानून, एखाद्या उपविभागाचा बराचसा भाग गेला असेल तर तो उपविभाग संपूर्ण नव्याने करावा, असे सुचवले. त्यामुळे शिवणीच्या रेषा नाकाच्या नैसर्गिक खाचांत लपू लागल्या. कपाळाच्या वरच्या भागातील जखम शिवता आली नाही, तर आजही ती आपोआप भरू देतात.

महाराष्ट्रासह सगळ्या भारतात त्वचेच्या कर्करोगापेक्षा तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण कितीतरी अधिक असतात. तेथेही कपाळाची त्वचा कामी आली. ग्लासगोच्या इयन मॅकग्रेगर यांनी १९६३ मध्ये कानशिलाकडील रक्तवाहिनीवर जोडलेली कपाळाची त्वचा तोंडाच्या आत नेऊन गालाचे अस्तर भरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. भारतातील कर्करोग शल्यचिकित्सकांनी ती अनेक वर्षे मोठ्या प्रमाणावर वापरली. तिच्यात कपाळाचा फार मोठा भाग उघडा पडत असे आणि त्यावर दुसरीकडची त्वचा लावूनही चेहरा विद्रूप दिसत असे. १९७९ मध्ये छातीच्या स्नायूसह त्वचा वर आणण्याची रीत आल्यानंतर तोंडाच्या कर्करोगासाठी कपाळाचा उपयोग मागे पडला. नाकासाठी मात्र तो कायम राहिला. जोडपट्टा कापेपर्यंतचे तीन आठवडे रुग्णाला भुवईपासून नाकापर्यंत त्वचेचा पूल घेऊन वावरावे लागते. त्याला काय अपेक्षित आहे हे कळावे म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी अनेक डॉक्टर आधीच्या रुग्णांची टप्प्याटप्प्याने काढलेली छायाचित्रे दाखवतात.